सिंहाआधी सुई

केनियाहून परतल्यापासून भेटेल तो मला सिंहांबद्दल विचारतो. सिंह सांगेनच, पण मला आधी आठवतो तो विमानात बसण्याआधीचा प्रवास: इंझोरीहून कारंजा, कारंज्याहून नागपूर, आणि तेही दंडात एक सुई टोचून घेण्यासाठी. परदेशी जाणाऱ्यांना त्यातून लसींची थोडी माहिती मिळेल. मी भाजीपाला पिकवणारा माणूस आहे, डॉक्टर नाही, तेव्हा माझ्यावर विसंबू नये, आपल्या डॉक्टरला विचारावं. कुठे विचारायचं आणि विचारून कळलेलं कोणापासून लपवायचं नाही, एवढं मात्र मी खात्रीनं सांगू शकतो.

इंझोरी

आमची पल्लवी लग्नानंतर नैरोबीला असते. जावई तिथल्या एका बियाणे कंपनीत आहेत. तिच्या बाळंतपणासाठी माझी बायको सुनंदा आधीच तिकडे गेली होती आणि तिचं सगळं जावयांनीच केलं होतं, त्यामुळे तिकिटापासून लसीपर्यंत मला कशाचीच माहिती नव्हती. नातू मान धरायला लागला तेव्हा पल्लवीचा फोन आला.

"बाबा, आता तुम्ही या. आपण सगळे मिळून मसाई मारात जाऊ, सिंह बघायला. आणि आत्याला आणा. आत्या येणार नसेल तर तुम्हीही बसा तिकडेच वांगी तोडत."

आत्या म्हणजे माझी थोरली बहीण, अक्का. तरुणपणीच तिचा नवरा गेला आणि ती आमच्याकडे आली. पल्लवी तिच्या मांडीवर वाढली. आई कोण आणि आत्या कोण, हे पोरीला बराच काळ नीट ठरवता येत नव्हतं. अक्काला नातू पाहायचा होता, पल्लवीला पाहायचं होतं, आणि खरं सांगायचं तर सिंहही पाहायचा होता.

"खराखुरा असते काय रे वसंता? पिंजऱ्याबाहेर?"

"पिंजऱ्यात आपण. गाडीच्या."

"बाप्पा!" ती म्हणाली, आणि त्याच संध्याकाळी बॅग काढून पुसायला बसली. पासपोर्ट यायचे होते अजून.

पासपोर्ट आले, तिकिटं झाली, आणि पल्लवीचा पुन्हा फोन. "बाबा, पिवळ्या तापाची लस घेतली ना दोघांनी? ती घेतल्याचं कार्ड नसेल तर परत येताना आपल्याच विमानतळावर अडवतात, काही दिवस वेगळं ठेवतात."

पिवळा ताप मला वेलवर्गीय भाज्यांवरच्या रोगासारखा काहीतरी वाटला. गावच्या उपकेंद्रातल्या नर्सताईंना विचारलं. त्या हसल्या. "भाऊ, माह्यापाशी गोवर हाय, पोलिओ हाय, धनुर्वात हाय. आफ्रिकेचं नाई ठेवत आमी." पण त्यांनी धनुर्वाताची सुई कधी घेतली होती ते विचारलं, आठवेना म्हटल्यावर तिथंच टोचली, आणि कारंज्याला जायला सांगितलं.

कारंज्याच्या भाजीबाजारात फुलकोबी उतरवताना ही गोष्ट माझ्या तोंडून निघाली आणि सगळा बाजार डॉक्टर झाला. कोणी म्हणालं, कोरोनाच्या घेतल्या ना, त्याच सगळीकडे चालतात. आमचे अडते तर गंभीर चेहरा करून म्हणाले, "वसंतभाऊ, कुत्रं चावलं तं पोटात सुया होत्या ना जुन्या काळी? मंग सिंहाच्या किती असतीन, हिशेब करून जा."

कारंजा

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांचा दवाखाना छोटा आहे. पुढे टेबल, मागे हिरवा पडदा, पडद्याआड तपासायची खाट. अक्काला नर्सनं रक्तदाब बघायला पडद्यामागे नेलं आणि मी डॉक्टरांसमोर बसलो.

डॉक्टरांनी मला छान समजावलं. म्हणाले, परदेशी जाताना लसींचे दोन भाग करायचे. एक, ज्या नियमानं लागतात. दुसरा, ज्या शहाणपणानं घ्याव्या. तुमच्यासाठी नियमाची एकच, पिवळ्या तापाची. ती आयुष्यात एकदा घेतली की झालं, पण निघायच्या किमान दहा दिवस आधी घ्यायची. शहाणपणाच्या म्हणजे टायफॉईड आणि दूषित पाण्या-अन्नातून होणाऱ्या काविळीची. त्या मी इथंच देतो. हिवतापाला गोळ्या. पण पिवळ्या तापाची लस माझ्याकडे मिळत नाही, कुठल्याच खाजगी दवाखान्यात नाही. ती सरकारनं नेमलेल्या केंद्रातच. आपल्याला नागपूर.

मी आनंदानं मान डोलावत होतो. एक सुई, एक पिवळं कार्ड आणि पुढे सिंह, सगळं कसं सोपं झालं होतं.

"आणि हो," डॉक्टर म्हणाले, "अंड्याची ॲलर्जी आहे का, ते विचारतील. ही लस कोंबडीच्या अंड्यात तयार होते."

माझी मान थांबली.

अक्का माळकरी आहे. गळ्यात तुळशीची माळ घातली त्याला कित्येक वर्षं झाली. आमच्याकडे मटण शिजतं ते मागच्या पडवीत, वेगळ्या भांड्यात. ज्या तव्यावर अंडं फुटलं, त्यावर अक्का भाकरी टाकत नाही. तिनं कोणाला खाऊ नका म्हटलं नाही कधी, पण स्वतःच्या बाबतीत ती सूतभरही सैल सोडत नाही. हे तिला कळलं तर ती येणार नाही. ती आली नाही तर पल्लवीला मी काय सांगणार होतो? आणि पुसून ठेवलेल्या त्या बॅगेला?

मी पुढे वाकून हळूच म्हणालो, "डॉक्टर, हे तिला नका सांगू."

डॉक्टरांनी चष्म्यावरून पाहिलं. "तिथं विचारणारच आहेत. आणि शरीर त्यांचं आहे, वसंतराव."

"मग मी सांगतो. सवडीनं."

तेवढ्यात पडदा सरकला. अक्का बाहेर आली, पदर नीट करत म्हणाली, "माहं ब्लडप्रेशर एकदम बरूबर हाय म्हन्ते. तुह्यं पाह्य, तोंड उतरलं तुह्यं."

त्या दिवशी घरी गेलो आणि सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी मेथीच्या जुड्या बांधताना सांगणार होतो. त्या दिवशी जुड्या फारच नीट बांधल्या गेल्या. नागपूरच्या केंद्राची वेळ मिळाली, बॅग भरली. माझी सवड काही येईना.

रस्त्यात

पहाटेची एसटी. थंडी होती. कारंजा सोडल्यावर दोन्ही बाजूंनी तुरी उभ्या, शेंगांनी वाकलेल्या, आणि मध्ये मध्ये कापसाची वेचणी संपत आलेली रानं. अक्का खिडकीशी. काळविटांचं अभयारण्य आमच्या भागातच आहे, त्यामुळे धुक्यात एका बांधावर दोन काळवीट उभे दिसले तेव्हा तिनं कंडक्टरलाही ते दाखवले. कंडक्टर म्हणाला, "मावशी, तिकीट घ्या."

"तिकडं सिंह पाहाले चाललो," अक्का त्याला पैसे देत म्हणाली. "आता नागपूरले सुई घ्याले चाललो."

"सिंहाची सुई?"

"सिंह आमाले नाई चावत. मच्छर चावते. मच्छराची सुई."

तिला बरंच माहीत होतं. नर्सताईंना पुन्हा जाऊन विचारून आली असावी, असं मला वाटलं. म्हणजे डासातून होणारा ताप आहे, एवढं माहीत आहे, अंड्याचं नाही. मी खिडकीबाहेर पाहिलं.

अक्काची एक सवय आहे. विचारात असली की तिचा हात गळ्याशी जातो आणि अंगठ्यानं ती माळेचा एक मणी फिरवत राहते. त्या सकाळी तिचा हात सारखा गळ्याकडे जात होता आणि तसाच परत मांडीवर येत होता. मला वाटलं, गार वारा लागतोय. मी माझा मफलर काढून दिला.

"घे. गळ्याला गुंडाळ."

तिनं माझ्याकडे पाहिलं, हसली, आणि मफलर मांडीवर घडी करून ठेवला. "राहू दे. तुलेच लागन."

अमरावतीला गाडी बदलायची होती. स्टँडबाहेर आम्ही गिला वडा खाल्ला. दह्यात भिजलेला, वर चिंचेचं पाणी आणि तिखट, हात गार आणि जीभ गरम. अक्कानं घरून आणलेली भाकरी-ठेच्याची पुरचुंडीही सोडली, त्यामुळे त्या वड्याचं जेवणच झालं. शेजारच्या हातगाडीवर ऑम्लेटचा तवा चर्रर वाजत होता. तो वास माझ्या नाकात शिरला आणि मला वाटलं, आता सांगावंच.

"अक्का, एक सांगायचं होतं."

"सांग ना."

तिनं हातातला घास खाली ठेवला. माझ्याकडे सरळ बघत राहिली. अजूनही ती नजर आठवते. तिच्यात घाई नव्हती.

"ठेचा... आज जरा जास्त झोंबला."

"व्हय काय?" ती म्हणाली. घास उचलून खाऊन टाकला. "मंग पानी पे."

नागपूरपर्यंत मी पाणीच पीत राहिलो. मनात हिशेब एकच. न सांगता लस दिली, तर तिचा नेम मी मोडला. सांगितलं, तर तिची पोर आणि तिचा सिंह मी हिरावला. या दोन्हींच्या मध्ये एसटी चालली होती आणि अक्का मला प्रत्येक वळणावर काहीतरी दाखवत होती. संत्र्यांच्या बागा आल्या तेव्हा ती म्हणाली, "पाह्य, कशी लगडली! पल्लूसाठी घेऊ दोन-चार? नेऊ देते का इमानात?"

नागपूर

केंद्र म्हणजे सरकारी दवाखान्याच्या एका मजल्यावरची दोन खोल्यांची जागा. बाकांवर गर्दी होती आणि त्या गर्दीत सगळं जग होतं. जहाजावर नोकरी लागलेली दोन पोरं, नायजेरियात खाणीवर निघालेले एक इंजिनिअर, आणि टांझानियाला फिरायला निघालेलं नवं जोडपं. नवरी मेंदीच्या हातांनी फॉर्म भरत होती आणि नवरा सुईच्या भीतीनं पांढरा पडला होता. अक्कानं त्याला आपल्या पिशवीतली खडीसाखर दिली. "चघळ. सुई टोचली का समजतबी नाई."

आम्हाला आत बोलावलं. टेबलामागे तरुण डॉक्टर मॅडम. पासपोर्ट पाहिले, आणि अक्काला विचारायला लागल्या. ताप आहे का? नाही. कुठली मोठी औषधं चालू? नाही. गरोदर वगैरे...

"काय वो मॅडम!" अक्का खळखळून हसली. "आता या वयात? गावात तोंड दाखवू देता का नाई मले?"

मॅडमही हसल्या. "विचारावं लागतं, आजी. बरं, अंडं खाल्ल्यावर कधी अंगावर पुरळ, श्वास लागणं, असं काही?"

मी खुर्चीची कड धरली.

"म्या अंडं खाल्लंच नाई कधी," अक्का म्हणाली. "माळकरी हावो मी."

"मग तुम्हाला सांगायला हवं," मॅडम हलक्या आवाजात म्हणाल्या, "ही लस अंड्यात वाढवलेली असते. तुमची हरकत असेल तर—"

"माईत हाय मले."

मी वळून पाहिलं. अक्का माझ्याकडे पाहतच नव्हती.

"कारंज्याचे डॉक्टर बोलले ना. पडदा व्हता मधात, भिंत थोडीच व्हती." मग ती माझ्याकडे वळली. "तवापासून वाट पाहून राह्यली तुही. मेथी बांधताना पाह्यली, गाडीत पाह्यली, वडा खाताना तं म्या घासबी खाली ठेवला. म्हनलं, आता सांगते हा. अन् यानं सांगतलं काय, तं ठेचा झोंबला!"

मॅडमनी ओठ दाबून खाली पाहिलं. मला जमीन दुभंगली तर बरं असं झालं.

"अक्का, मी—"

"तू काय? तुले वाटलं, अक्का नाई म्हनीन. अरे भैताडा, माळ देल्ली त्या महाराजाले म्याच फोन केला. त्याईनं इचारलं, जेवन हाय का औषध? म्या म्हनलं, सुई. ते म्हनले, तोंडाचा नेम तोंडाले. जा बिनधास्त." ती थांबली. "त्याईनं सूट देल्ली. माह्या मनानं नाई घेतली. माळ गळ्यात अन् अंगात हे, मले बरं नाई वाटलं. म्हनून काढून ठेवली."

तेव्हा मी पाहिलं. तिचा गळा मोकळा होता. इतकी वर्षं जिथे माळ असायची तिथे कातडीवर एक फिकी रेघ होती.

"देव्हाऱ्यातल्या विठोबाच्या गळ्यात घातली. त्याले म्हनलं, सिंह पाहून मी येईस्तोवर तू वागव. तुले काई सुई घ्याची नाई."

"कधी?"

"काल. तू बॅग भरत व्हता. अन् आज सकायपासून बाजूले बसून राह्यला, मफलर देल्ला, पन गळ्याकडे पाह्यलं नाई."

मी दिवसभर माझ्या पापाचं ओझं वाहत होतो आणि मला वाटत होतं की मी तिचाच विचार करतोय. तिनं तिच्या आयुष्यातली एवढी मोठी वस्तू उतरवून ठेवली, आणि मला ते दिसलंही नाही.

पण गोष्ट संपली नव्हती. मॅडम म्हणाल्या, "आजी, तुमचं मन ठरलं, छान. पण अंडं कधी खाल्लंच नाही म्हणजे त्रास होतो की नाही हेही आपल्याला माहीत नाही. मी सरांना विचारून येते." आणि त्या आतल्या खोलीत गेल्या.

आता मात्र अक्काचा चेहरा बदलला. "देणार नाईत का हे?" तिनं पहिल्यांदाच घाबरून विचारलं. हात गळ्याशी गेला, काही सापडलं नाही, परत आला. मी तो हात धरला. इतकं सगळं करून ती कागदाच्या एका रकान्यावर अडली असती तर मला ते सोसलं नसतं.

मोठे डॉक्टर बाहेर आले. त्यांनी अक्काला खूप विचारलं. कोणत्या औषधानं, कोणत्या खाण्यानं, मधमाशी चावून कधी काही झालं? लहानपणीच्या लसींनी? अक्का एकेकाला नाही म्हणत गेली, मधमाशीला मात्र म्हणाली, "सुजलं व्हतं. पन माशी मेली ना." शेवटी ते म्हणाले, "देऊ. पण नंतर इथंच बसायचं, आमच्या नजरेसमोर. काही वाटलं तर लगेच सांगायचं."

सुई गेली. अक्काने डोळे मिटलेही नाहीत. मला टोचताना मात्र मी तोंड फिरवलं आणि ती हसली.

मग आम्ही बाकावर बसून राहिलो. दर थोड्या वेळानं मॅडम येऊन अक्काचे हात, गळा, डोळे बघत. मीही बघत होतो. त्या बाकावर मी तिचा गळा इतका पाहिला की शेवटी ती म्हणाली, "बस झालं आता. नजर लावशीन."

काही झालं नाही. आम्हाला शिक्का मारलेली दोन पिवळी कार्डं मिळाली. बाहेर पडून आम्ही तर्री पोहे खाल्ले. त्या चण्याच्या रश्श्यानं मला खरंच झोंबलं. मी डोळे पुसत होतो, आणि अक्का पोहेवाल्याला सांगत होती, "याले काई म्हनू नका. याले झोंबलं का हा पोटातलं लपवते."

मसाई मारा

विमानाचं वर्णन करत नाही. अक्का सगळा वेळ खिडकीतून ढग बघत होती आणि मी झोपलो. नैरोबीला पल्लवी दारातून धावत आली ती माझ्या बाजूनं सरळ पुढे गेली आणि आत्याच्या गळ्यात पडली. मग एकदम मागे होऊन म्हणाली, "आत्या, माळ?" तिला एका क्षणात दिसली ती गोष्ट. अक्कानं माझ्याकडे एक कटाक्ष टाकला आणि नातू उचलला.

मारात आम्ही उघड्या छताच्या गाडीतून निघालो. गवत इतकं लांबवर की नजर थकते. आमच्याकडे नजर एका बांधापासून दुसऱ्या बांधापर्यंत जाते आणि थांबते. तिथे तिला थांबायला काहीच नाही. मग विल्डबीस्ट नावाची जनावरं आली, शिंगवाली, दाढीवाली, कळपच्या कळप. अक्का उभी राहिली.

"हे तं रोहीच! वसंता, आपल्याकडचे रोही!" आमच्याकडे रोही म्हणजे नीलगाय, रात्रीतून हरभरा फस्त करणारी. "अन् इथं लोक पैसे देऊन पाहाले येते? आपुन फटाके फोडून हाकलतो!" ड्रायव्हरला पल्लवीनं भाषांतर करून सांगितलं तेव्हा तो स्टिअरिंगवर हात मारून हसला. म्हणाला, आमच्याकडे शेतात हत्ती येतात. अक्का म्हणाली, "त्याले सांग, रोही बरे."

सिंह दुपारी दिसला. एका झुडपाच्या सावलीत, पाय पसरून, तोंड उघडं. गाडीचा दांडा दोन्ही हातांनी धरून अक्का त्याच्याकडे बघत होती, आणि तिचे डोळे लहान मुलीसारखे झाले होते. बऱ्याच वेळानं ती कुजबुजली, "आपल्या पाटलावानी झोपला."

दुसऱ्या सकाळी हॉटेलात नाश्त्याला पातळ गोड घावन होते. अक्कानं ताट पुढे केलं. मी मध्ये हात घातला. "अक्का, थांब. यात अंडं आहे."

तिनं ताट मागे घेतलं. मग सुनंदाकडे वळून म्हणाली, "पाह्यलं ना वैनी? शिकला तुहा नवरा. उशिरा शिकला, पन शिकला." आणि तिनं दोन केळी घेतली.

पुन्हा इंझोरी

परतताना मुंबईच्या विमानतळावर खरंच कार्डं मागितली. अक्कानं पिवळं कार्ड असं पुढे केलं, जसं शाळेतलं पोरगं पहिल्या नंबरचं प्रगतिपुस्तक दाखवतं. अधिकाऱ्यानं बघून परत दिलं. तिला वाटलं होतं तो काहीतरी बोलेल. "एवढ्यासाठी?" ती म्हणाली.

घरी पोचलो तेव्हा अंगणात मेथीला फुलं आली होती, म्हणजे तोडणी हुकली होती. अक्का हातपाय धुऊन सरळ देवघरात गेली. मी बॅगा ठेवत होतो. तिनं हाक मारली.

पितळेचा विठोबा वीतभर उंचीचा. माळ त्याच्या गळ्यातून पायांपर्यंत उतरून खाली विटेवर गोळा झाली होती. अक्कानं ती काढली, डोळ्यांना लावली, आणि माझ्यासमोर धरली.

"घाल."

"मी? महाराजांच्या हातानं घालायची ना?"

"ते आले का त्याईच्या हातानं घेईन परत." ती माझ्याकडे पाठ करून बसली आणि मानेवरचे केस बाजूला केले. "आज तूच घाल. तेवढ्या निमित्तानं गळ्याकडे पाहाशीन."